बारा आऱ्यांची पूजा

आज घटस्थापना. पत्रावळीवर वा परडीत काळी माती पसरून सप्तधान्य पेरले जाईल, घटावर पहिली माळ चढेल आणि अखंड दीप तेवू लागेल. नवमीचा दिवस उजाडेपर्यंत त्या मातीतून पिवळसर कोंब हातभर उंच होतील. याच नवमीला आपण खंडेनवमी म्हणतो. त्या दिवशी शेतकरी नांगर-विळे, सुतार वाकस-करवत, वाणी तराजू आणि विद्यार्थी लेखणी देवीपुढे मांडतो. वर्षभर राबलेल्या वस्तूंना त्या दिवशी विश्रांती मिळते. दुसऱ्या दिवशी विजयादशमीला दारातील वाहनांना झेंडूच्या माळा आणि आंब्याचे डहाळे चढतात.

या मंगल पर्वाच्या निमित्ताने वाचकांपुढे आम्ही एका साध्या वस्तूचा विषय मांडीत आहोत. ती वस्तू म्हणजे लाकडी आऱ्यांचे चाक. आमच्या बुलढाणा जिल्ह्यात ते शतकानुशतके बैलगाडीला होते, दमणीला होते, देवाच्या रथाला होते. विसाव्या शतकाच्या आरंभी परदेशातून आलेल्या मोटारीही अशाच चाकांवर धावत आल्या. आज शेतातील गाड्यांना बहुधा हवा भरलेली रबरी चाके असतात. तरीही जुन्या वाड्याच्या पडवीत, देवळाच्या रथघरात आणि जुन्या मोटारी जिवापाड जपणाऱ्या हौशी मंडळींच्या घरी लाकडी चाके अजून उभी आहेत. नवरात्र आले की त्यांना रंग देण्याची घाई सुरू होते. त्या घाईविषयीच आम्हांस काही सांगावयाचे आहे.

एका दसऱ्याची आठवण

आमच्या लहानपणी घरी एक दमणी होती. आजी देवदर्शनाला त्याच दमणीतून जात असे. एका वर्षी नवरात्रात गावच्या वृद्ध सुतारबाबांनी आजोबांना सांगितले की, डावे चाक आठ दिवसांकरिता आपल्याकडे सोडावे. आजोबांना ते पटले नाही. दसरा तोंडावर, पाहुणे येणार, दमणी रंगवून दारात उभी हवी! सुतारबाबा एवढेच म्हणाले, "रंग लावाले घाई कायची, अण्णा? आधी चाकाले काय दुखते ते पाहू द्या."

आजोबांनी रंगारी बोलावला. त्याने भेगांत लुकण भरले, वर हिरवा तैलरंग चढविला, आऱ्यांवर पिवळ्या रेघा ओढल्या. दमणी नववधूसारखी सजली. दसऱ्याच्या सायंकाळी सीमोल्लंघन करून परत येताना गावाबाहेरच्या उतारावर त्याच डाव्या चाकाचा सांधा उघडला. एक आरा निसटला, त्यामागून दुसरा, आणि दमणी कलंडली. आजीच्या हातातील आपट्याची पाने धुळीत विखुरली व तिचा उजवा खांदा निखळला. पुढे ती बरी झाली, परंतु त्या हाताने देवाची आरती तिला पुन्हा पूर्वीसारखी ओवाळता आली नाही.

मोडलेल्या चाकाचा तुकडा हातात घेऊन सुतारबाबांनी आम्हां मुलांना दाखविला. वरचा रंग ताजा, चकचकीत होता. आत लाकूड काळे पडून भुसभुशीत झालेले होते. रंगाने काहीच बिघडविले नव्हते. त्याने जे बिघडले होते ते आमच्यापासून लपविले होते. आजोबा त्यावर काही बोलले नाहीत. मात्र पुढल्या वर्षी भाद्रपदातच दोन्ही चाके सुतारबाबांच्या अंगणात गेली.

शास्त्रग्रंथांतील चाक

आपल्या परंपरेने चाकाकडे कधीच क्षुल्लक वस्तू म्हणून पाहिले नाही. प्रश्नोपनिषदात आणि मुंडकोपनिषदात रथाच्या नाभीत बसविलेल्या आऱ्यांचा दृष्टांत येतो. आरे जसे नाभीत स्थिर असतात तसे सर्व काही प्राणाच्या ठायी स्थिर आहे, असा त्याचा एका ठिकाणचा आशय. ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलातील १६४ व्या सूक्तात बारा आऱ्यांच्या, कधी जीर्ण न होणाऱ्या चक्राचे वर्णन आहे. ते चक्र संवत्सराचे, म्हणजे बारा महिन्यांचे, असा अर्थ भाष्यकारांनी लावला.

चाक घडविणाऱ्याचा मानही तसाच. श्रौत परंपरेत रथकाराला वर्षा ऋतूत अग्न्याधान करण्याचा अधिकार सांगितलेला आहे आणि जैमिनींच्या मीमांसासूत्रांत त्याची स्वतंत्र चर्चा आहे. पुरीच्या जगन्नाथाचे तिन्ही रथ दरवर्षी नव्याने घडवितात. अक्षय्य तृतीयेला कामाचा आरंभ होतो. जगन्नाथाच्या नंदिघोषाला १६, बलभद्राच्या तालध्वजाला १४ आणि सुभद्रेच्या दर्पदलनाला १२ चाके असतात. गतवर्षीची चाके रंगवून पुन्हा जोडावीत, असे तेथे कोणी करीत नाही.

आपल्या शेजारच्या खानदेशात जळगावचा रामरथ आहे. संत अप्पा महाराजांनी १८७२ साली सुरू केलेला हा रथोत्सव कार्तिकी एकादशीला होतो. भाविक रथ ओढतात, आणि चाकाजवळ राहून त्याखाली लाकडी मोगरी लावणारे सेवेकरी त्याला वळवितात व थांबवितात. जयजयकाराच्या त्या गर्दीत या सेवेकऱ्यांची नजर चाकावरून हटत नाही. चाकाकडे लक्ष देणे ही त्यांची पूजा.

घाटावरचा आणि घाटाखालचा जिल्हा

बुलढाणा जिल्ह्याचे दोन भाग आपण बोलण्यात नेहमीच करतो: घाटावर आणि घाटाखाली. अजिंठ्याच्या डोंगररांगेवरचा बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेड राजा, देऊळगाव राजा हा वरचा भाग. मलकापूर, नांदुरा, खामगाव, शेगाव हा पूर्णेच्या खोऱ्याचा काळ्या मातीचा खालचा भाग, आणि त्याच्याही उत्तरेस जळगाव जामोद व संग्रामपूरला टेकलेला सातपुडा. या दोन पातळ्यांमधील वाहतूक दीर्घकाळ बैलगाडीवर झाली. मलकापूरहून राजूरचा घाट चढताना बैलांचा कस लागे, आणि उतरताना चाकाचा.

गेल्या शतकाच्या आधीचा काळ आठवावा. अमेरिकेतील १८६१ ते १८६५ च्या यादवी युद्धामुळे तिकडचा कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला आणि वऱ्हाडच्या कापसाला एकाएकी सोन्याचे मोल आले. खामगावची बाजारपेठ तेव्हा कापसाच्या गाड्यांनी फुलून जात असे. जलंब ते खामगाव ही लोहमार्गाची शाखा १८७० साली उघडली. रेल्वे आली तरी शेतापासून बाजारापर्यंतचा भार लाकडी चाकांवरच राहिला. वऱ्हाडच्या वैभवाची कहाणी सांगताना आपण कापूस आठवतो. तो ज्या आऱ्यांवर वाहून आला त्यांची आठवण सहसा होत नाही.

हे चाक घडविण्यास लागणारे लाकूडही याच मुलखाचे. तुंब्याला, म्हणजे चाकाच्या मधल्या गाभ्याला, बाभूळ लागे, कारण तिचे लाकूड टणक असून खिळी-खाचांनी सहसा फाटत नाही. आऱ्यांना तिवस किंवा बाभूळ, आसाला धावडा, साटीला सागवान, अशी निवड जाणता सुतार करीत असे. तिवसाचे लाकूड लवचीक आणि चिवट. धक्का बसला तर ते किंचित वाकते, तुटत नाही. पुरीच्या रथांच्या चाकांसाठी वापरतात ती फासी आपल्या धावड्याच्याच कुळातील.

चाकाची रचना

पारंपरिक चाकात बहुधा सहा पुठे असतात. पुठा म्हणजे परिघाचा वक्र तुकडा. प्रत्येक पुठ्यात दोन आरे, म्हणजे एकूण बारा. वेदातील संवत्सरचक्राशी हा आकडा जुळतो, ही गोष्ट आमच्या गावच्या सुतारबाबांना ठाऊक नसावी, परंतु ते आरे मोजताना चैत्र, वैशाख अशीच नावे घेत.

पुठ्यांवर लोखंडी धाव बसते. धावेचा घेर चाकाच्या घेरापेक्षा मुद्दाम थोडा कमी ठेवतात. शेणाच्या गोवऱ्यांच्या जाळात ती लाल होईतो तापविली की ती प्रसरण पावते. सुमारे पाच फूट व्यासाच्या चाकाची धाव पाचशे अंशांनी तापली तर तिचा घेर सुमारे एक इंचाने वाढतो. तेवढ्या वेळात ती चाकावर उतरवून वर पाणी ओततात. वाफेचा लोट उठतो, लाकूड कुरकुरते आणि सारे सांधे आपोआप आवळले जातात. या चाकाचे बळ खिळ्यांत नसून या आवळणीत आहे.

येथेच रंगकामाचा खरा प्रश्न सुरू होतो. लाकूड हे मेल्यानंतरही हवेशी व्यवहार करीत राहते. पावसाळ्यात ते ओल घेऊन फुगते. वैशाखात, जेव्हा आपल्याकडे पारा चाळीस अंशांच्या वर जातो, तेव्हा ते आटते. तंतूंच्या दिशेने ते फारसे आटत नाही, आडवे मात्र बरेच आटते. त्यामुळे आऱ्याची लांबी तीच राहते, पण तुंब्यात शिरलेले त्याचे कुसू बारीक होते आणि सांधा सैल पडतो. लाकडावर द्यावयाच्या लेपाचे पहिले कार्य म्हणजे ओलीची ही ये-जा मंद करणे. शोभा त्यानंतरची.

मोटारीचे लाकडी चाक

१९०८ साली अमेरिकेत हेन्री फोर्ड यांच्या कारखान्यातून मॉडेल टी ही मोटार बाहेर पडली. १९२७ पर्यंत अशा दीड कोटीहून अधिक गाड्या झाल्या. तिच्या चाकांना लाकडी आरे होते, आणि तेही बाराच! अक्रोडाच्या कुळातील हिकरी नावाच्या झाडाचे ते लाकूड. तेही आपल्या तिवसासारखे चिवट आणि धक्का सोसणारे. फोर्डची हिंदुस्थानातील कंपनी १९२६ साली स्थापन झाली. १९२८ मध्ये मुंबईत शिवडी येथे जनरल मोटर्सने गाड्यांची जोडणी सुरू केली. त्या काळच्या अनेक गाड्यांवर लाकडी आऱ्यांची चाके असत. १९१९ ते १९३० या काळातील मोटारींना आज रूढीने 'व्हिंटेज' म्हणतात.

मोटारीच्या चाकात एक भेद आहे. बैलगाडीच्या आऱ्याची कुसवे लाकडी तुंब्यात ठोकलेली असतात. मोटारीच्या आऱ्यांची मुळे मात्र पाचरीच्या आकाराची असून ती एकमेकांना घट्ट भिडतात, आणि दोन्ही बाजूंच्या धातूच्या तबकड्या बोल्टांनी त्यांना आवळून धरतात. ही पद्धत तोफगाड्यांवरून आली. ब्रिटिश तोफखान्यात धातूच्या तुंब्याच्या अशा चाकाला 'मद्रास' पद्धतीचे चाक म्हणत. म्हणजे मोटारीच्या चाकाचे एक मूळ आपल्याच देशात सापडते.

मॉडेल टी गाडीच्या पुढच्या चाकांना ब्रेक नव्हते. इंजिनाचे ढकलणे आणि ब्रेकचे रोखणे, दोन्ही मागच्या चाकांच्या आऱ्यांतूनच जात असे. अशा गाडीत बसून घरातील माणसे दसऱ्याला देवदर्शनास निघणार असतील, तर त्या चोवीस आऱ्यांवर त्यांचा जीव तोललेला आहे, हे गाडीच्या मालकाने विसरू नये.

वाळणारे तेल, न वाळणारे तेल

आता लेपाविषयी. आपल्या जिल्ह्यात जवस पिकतो. त्याची चटणी घराघरांत होते. त्याच जवसाचे तेल हा लाकडी चाकाचा जगभर मान्य झालेला आहार आहे. आपले सुतार गेरू जवसाच्या तेलात खलून चाकांना देत. अमेरिकेत हिकरीच्या आऱ्यांची निगा राखणारे हौशी लोकही आज जवसाचेच तेल वापरतात. हजारो कोसांच्या अंतरावरच्या दोन कारागिरांनी एकच औषध निवडावे, यात आम्हांस सृष्टीच्या नियमांची एकवाक्यता दिसते.

या तेलाचा गुण असा की ते वाळते. हवेतील प्राणवायू शोषून त्याचा चिवट पापुद्रा बनतो. एरंडेलाचा गुण याच्या उलट. ते वाळत नाही. म्हणून बैलगाडीच्या आसाला वंगण एरंडेलाचे आणि आऱ्यांना लेप जवसाचा, ही जुनी वाटणी झाली. यांची अदलाबदल केली तर आस जाम होईल आणि आरे कायमचे चिकट राहून धूळ खातील. लाखेचे पॉलिश घरातील पाटा-चौरंगांस शोभते. पाणी लागताच ते पांढुरके पडत असल्याने चाकाला ते देऊ नये.

जवसाच्या तेलानंतर दोन मार्ग असतात. एक रंगाचा, दुसरा रोगणाचा, म्हणजे पारदर्शक वार्निशचा. मॉडेल टी गाड्यांची चाके पुष्कळ वर्षे रंगविलेलीच असत. १९२६-२७ च्या गाड्यांवर मात्र लाकडाच्या मूळ रंगाची, रोगण दिलेली चाकेही मिळत. मूळ गाडी जशी होती तशी ठेवावी, हा हौशी मंडळींचा नियम योग्यच आहे. ज्यांना निवड करण्याचे स्वातंत्र्य आहे त्यांना आम्ही रोगण सुचवू. रोगणाखालून लाकडाची प्रत्येक रेषा दिसते, भेग पडली तर तीही दिसते. रंग द्यावयाचाच असेल तर तो पातळ असावा आणि त्याखाली लुकण नसावे. सांध्यापाशी रंगावर केसासारखी रेघ उमटली तर ती पुसून न टाकता तिचा अर्थ समजून घ्यावा. तेथे आरा हलतो आहे.

नऊ दिवसांचा क्रम

नवरात्रात हे काम कसे करावे, याचा क्रम सुतारबाबांकडून आणि नंतरच्या अनुभवातून आम्ही शिकलो तो असा.

पहिल्या माळेला चाक जमिनीवरून उचलून घोडीवर घ्यावे, कोरड्या कुंच्याने झाडावे आणि हाताने फिरवून पाहावे. डुलते का, कुरकुरते का, हे नुसते ऐकावे. दुसऱ्या माळेला लाकडी मोगरीने एकेक आरा हलकेच ठोकावा. निरोगी आरा खणखणीत बोलतो; सैल किंवा किडलेला भद्द आवाज देतो. एकही आरा असा निघाला तर रंगाचा विचार तेथेच थांबवावा आणि जाणत्या सुताराकडे जावे. पाचर ठोकून, खिळा मारून किंवा चाक रात्रभर पाण्यात बुडवून तात्पुरता कस आणता येतो, पण पाणी आटले की सांधा पुन्हा सैल होतो आणि मध्यंतरी कुजण्याची क्रिया सुरू झालेली असते. मोटारीच्या चाकाला तर हा उपाय मुळीच करू नये.

तिसऱ्या आणि चौथ्या माळेला जुना रंग खरवडावा. काचेच्या ताज्या तुकड्याने किंवा पात्याने, तंतूंच्या दिशेने, न दाबता. कॉस्टिक सोड्यात चाक बुडवू नये, त्याने तंतू सुटतात. दिव्याच्या ज्योतीने रंग जाळू नये. जुन्या रंगांत शिसे असण्याचा संभव असतो, म्हणून कोरडी घासाई टाळून ओल्या कागदाने घासावे, नाकातोंडाला फडके बांधावे आणि मुलाबाळांना त्या धुळीपासून दूर ठेवावे. आरा गुळगुळीत करण्याच्या नादात त्याची जाडी कमी होणार नाही, हेही पाहावे.

पाचव्या माळेला पहिला हात. बाजारात मिळणारे बॉइल्ड लिन्सीड ऑइल आणि टर्पेंटाइन समभाग मिसळून द्यावे, म्हणजे ते खोल शिरते. घरी चुलीवर तेल कढविण्याचे साहस करू नये. आऱ्यांच्या मुळाशी आणि पुठ्यांच्या टोकांशी, जेथे लाकडाचे तंतू उघडे पडतात, तेथे अधिक द्यावे; पाणी तेथूनच शिरते. अर्ध्या तासाने वर राहिलेले तेल पुसून काढावे. सहाव्या माळेला विश्रांती. सातव्या माळेला दुसरा हात, तोही पुसून. आठव्या माळेला पुन्हा विश्रांती. नवमीला केवळ कोरडे फडके फिरवावे आणि पूजा मांडावी. रोगणाचे तीन-चार पातळ हात दिवाळीनंतर, तेल पुरते वाळल्यावर द्यावेत.

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवावी. आश्विन लागला तरी लाकडात पावसाळ्याची ओल शिल्लक असते. ओल्या लाकडावर लेप दिला तर ओल आत कोंडते. ज्यांनी भाद्रपदातच गाडी सावलीत, वाऱ्याला उभी केली होती त्यांनीच वरील क्रम या नवरात्रात पाळावा. इतरांनी पहिल्या दोन माळांचे काम करावे आणि पुढचे काम दिवाळीनंतर, थंडीत हाती घ्यावे. घराची शोभा थोडी उणी राहील. राहू द्यावी.

चिंधीतला विस्तव

नवरात्रात घरी अखंड दीप असतो, म्हणून ही सूचना अधिक आग्रहाने करीत आहोत. जवसाचे तेल वाळताना उष्णता सोडते. त्या तेलात भिजलेल्या चिंध्या चुरगाळून कोपऱ्यात टाकल्या तर ती उष्णता आत साठते आणि काही तासांनी, कोणी काडी न लावताही, त्या पेट घेऊ शकतात. म्हणून काम झाले की चिंध्या अंगणात मोकळ्या पसरून पूर्ण वाळू द्याव्यात, किंवा पाण्याने भरलेल्या पत्र्याच्या डब्यात बुडवून ठेवाव्यात. कापसाच्या गंजीजवळ, कडब्याजवळ, देवघराजवळ त्या कधीही ठेवू नयेत. दुकानातून आणलेले हे तेल खाण्याचे नव्हे. त्याची बाटली स्वयंपाकघरातील जवसाच्या तेलाशेजारी चुकूनही जाऊ नये.

पूजेच्या दिवशी आणखी एक लहानशी दक्षता घ्यावी. ताज्या तेलाच्या लाकडावर हळद-कुंकू लावले तर ते तंतूंत उतरून कायमचे राहते. ज्यांना लाकडाचा मूळ वर्ण राखावयाचा आहे त्यांनी कुंकू लोखंडी धावेवर किंवा तुंब्याच्या कड्यावर लावावे. भाव तोच पोहोचतो. निरांजन ओवाळताना टर्पेंटाइनचा वास येत असेल तर चाक अजून वाळलेले नाही असे समजावे आणि ज्योत दूर धरावी.

पूजा म्हणजे पाहणे

आमच्या आजोबांनी त्या अपघातानंतर एक नियम घातला. खंडेनवमीला दमणीची पूजा होण्यापूर्वी घरातील प्रत्येकाने, अगदी लहान मुलानेही, चाकाचे बाराही आरे हाताने चाचपून पाहायचे. कोणाला काही हललेले जाणवले तर ते मोठ्याने सांगायचे, आणि सांगणाऱ्याला कोणी गप्प करायचे नाही. पहिल्याच वर्षी आजीने आपल्या डाव्या हाताने आरे मोजले. नवव्या आऱ्यापाशी ती थांबली व म्हणाली, "हा बघा." सुतारबाबांनी पाहिले; आरा खरोखरच किंचित हलत होता. त्या दसऱ्याला आमची दमणी सीमोल्लंघनाला गेली नाही. आम्ही सारे पायी गेलो, आपट्याची पाने घेऊन पायी परत आलो, आणि आजीने उंबरठ्यावर उभी राहून आजोबांना औक्षण केले, डाव्या हाताने.

त्या वर्षी दमणीच्या चाकांना रंग नव्हता. जवसाचे तेल पिऊन त्यांचा वर्ण मधासारखा झाला होता आणि प्रत्येक आऱ्याची रेषा उघडी दिसत होती. एका आऱ्यावर सुतारबाबांनी खडूने खूण केली होती. झेंडूची माळ त्या खुणेवरूनच घातली गेली. इतक्या वर्षांत अनेक सजविलेली वाहने पाहिली. परंतु खंडेनवमीची पूजा म्हटली की आम्हांस खडूची खूण असलेले ते बिनरंगी चाकच आठवते.

वाचकहो, आपल्या दारातील वाहन बैलगाडी असो, जुनी मोटार असो वा कालच घेतलेली दुचाकी असो, यंदा माळ घालण्यापूर्वी त्याच्या चाकाजवळ क्षणभर बसावे. त्याला हात लावून पाहावे, त्याचा आवाज ऐकावा. रंगाविना पुजलेले चाक देवीला निश्चित मान्य होईल. न पाहता रंगविलेले मात्र आपल्याच माणसांच्या जिवावर बेतू शकते. जगदंबा सर्वांच्या प्रवासाचे रक्षण करो आणि नवमीला सर्वांच्या घरी बाराही आरे खणखणीत बोलोत, हीच आजच्या घटस्थापनेच्या मुहूर्तावर प्रार्थना.